स्वयंपाकघरातील विजेची शेगडी आणि तिसरी तार



मागील हिवाळ्यात फैजपूर परिसरातील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका बाईंनी प्रश्न विचारला. त्यांच्या शाळेच्या स्वयंपाकखोलीत भांडी धुण्याचे पाणी विजेच्या रॉडने तापवितात. रॉड सुरू असताना पातेल्याला हात लागला की मदतनीस ताईंच्या हाताला झिणझिण्या येतात. यावर काय करावे? मी उत्तर देण्यापूर्वीच मागच्या रांगेतून उपाय आले. एक गुरुजी म्हणाले, पायांत चपला घालाव्यात. दुसऱ्यांनी लाकडी पाटावर उभे राहण्यास सांगितले. तिसऱ्यांनी प्लग उलटा फिरवून लावून पाहण्याचा सल्ला दिला. थोडा हशा झाला आणि सभा पुढील विषयाकडे वळली. मी त्या बाईंना एवढेच सांगितले, की तो रॉड आजपासून बंद ठेवा, बाकीचे सविस्तर लिहून पाठवितो. प्रस्तुत लेख म्हणजे ते पत्र होय. मात्र प्रश्न एका शाळेचा नसल्याने ते सर्वांसाठी लिहीत आहे.

त्या सभेत हसणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी फैजपुरात एका खोलीत भाड्याने राहत असे. स्वयंपाकासाठी उघड्या तारेची एक शेगडी आणली होती. तिचा प्लग मोठा, पंधरा अँपियरचा. खोलीतील बोर्ड दिव्यासाठी बसविलेला, लहान दोन भोकांचा. मी प्लग कापून टाकला, दोन तारा सोलून त्या भोकांत खोचल्या आणि काडेपेटीच्या काड्या दाबून घट्ट बसविल्या. तिसरी, हिरवी तार निरुपयोगी समजून मुळापाशी छाटली. सुमारे वर्षभर त्या शेगडीवर माझा चहा व खिचडी झाली आणि काहीही बिघडले नाही. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलाने ही युक्ती पाहिली व घरी जाऊन तशीच केली. गुरुजी करतात ते बरोबरच असणार, याविषयी त्याच्या मनात शंका असण्याचे कारण नव्हते. त्याच्या आईने ओल्या हाताने शेगडीवरील पातेले उचलले आणि ती दूर फेकली गेली. ती वाचली, तळहात मात्र भाजला. त्या घरी मी गेलो तेव्हा कोणी मला बोल लावला नाही, आणि ती गोष्ट मला आजही अधिक लागते.

आता मूळ विषयाकडे वळू.

आपल्या घरी किंवा शाळेत येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. उपकरणावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्याला २३० ने भागले असता ते उपकरण किती अँपियर प्रवाह ओढते हे कळते. हा भागाकार पाचवीच्या मुलालाही करता येईल. जुना ६० वॅटचा दिवा सुमारे पाव अँपियर ओढतो; आजचा ९ वॅटचा एलईडी दिवा तर नाममात्रच. मिक्सर ५०० वॅटचा धरला तर सव्वादोन अँपियर, १५०० वॅटचा पाणी तापविण्याचा रॉड साडेसहा अँपियर आणि २००० वॅटची शेगडी, मग ती तारेची असो वा इंडक्शनची, जवळजवळ पावणेनऊ अँपियर. म्हणजे ६० वॅटच्या दिव्याच्या मानाने शेगडीचा प्रवाह तेहतीस पट झाला.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या पटीने वाढत नाही, त्याच्या वर्गाच्या पटीने वाढते. प्रवाह तेहतीस पट झाला तर त्याच तारेत उष्णता सुमारे अकराशे पट होते. दिव्याच्या बोर्डावर शेगडी लावली तेव्हा आपण काय केले याचा हिशेब हा असा आहे. दिव्याची तार वर्षानुवर्षे थंड राहिली म्हणून ती शेगडीलाही पुरेल, हा तर्क येथे कोसळतो.

याच हिशेबाचा दुसरा भाग तारेच्या जाडीचा आहे. बोर्डापासून मीटरपर्यंत दहा मीटर अंतर धरू. जाऊन-येऊन वीस मीटर तांब्याची तार झाली. शेगडी आणि रॉड एकाच वेळी सुरू असतील तर प्रवाह सुमारे सव्वापंधरा अँपियर. तार १ चौरस मिलिमीटर जाडीची असेल, म्हणजे सर्रास दिव्यांना वापरतात ती, तर भिंतीतल्या त्या तारेतच सुमारे ८४ वॅट उष्णता तयार होते. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर ३४ वॅट. शिवाय तारेवरचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी बनविलेले असते. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याच्या छपराखालून नेलेल्या नळीत त्याहूनही अधिक तापते. अर्थात तार सुरू होण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक वाटचाल झालेली असते. पुस्तकातील तक्ते पाहून तारेची क्षमता सांगणाऱ्याने खानदेशचा उन्हाळा हिशेबात धरला आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

तथापि आग बहुतेक वेळा सरळ तारेत लागत नाही. ती जोडावर लागते. सैल झालेला स्क्रू, पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेली जोडणी, पिना ढिल्या बसणारे सॉकेट, अशा ठिकाणी रोध वाढतो. समजा हा रोध केवळ अर्धा ओहम आहे. शेगडीच्या प्रवाहाने त्या एका ठिपक्यात सुमारे ३८ वॅट उष्णता उत्पन्न होईल. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ज्या सोल्डरिंग आयर्नने शिसे-कथिल वितळवितो ते पुष्कळदा २५ वॅटचे असते. म्हणजे प्लास्टिकच्या बंद डबीत आपण त्याहून मोठे आयर्न रोज तासभर चालू ठेवीत आहोत. माझ्या काडेपेटीच्या काड्या तर या जागी सरपणच होत्या. सॉकेटचा रंग पिवळा किंवा तपकिरी पडणे, शेगडी सुरू असताना आत चरचर आवाज होणे, प्लग काढताना पिना हाताला चटका देणे, सडक्या मासळीसारखा वास येणे ही सर्व एकाच रोगाची लक्षणे आहेत. त्यांपैकी एक जरी आढळले तरी ते सॉकेट त्याच दिवसापासून वापरू नये.

मग योग्य रचना कशी असावी? स्वयंपाकाच्या किंवा पाणी तापविण्याच्या उपकरणासाठी सोळा अँपियरचे, तीन भोकांचे मोठे सॉकेट असावे. जुन्या बोर्डावर यालाच पंधरा अँपियरचे म्हणतात. त्या सॉकेटपर्यंत तांब्याची निदान २.५ चौरस मिलिमीटरची तार थेट मुख्य फलकापासून स्वतंत्र यावी, वाटेत दिव्यापंख्याच्या बोर्डात तिची फांदी फुटू नये. तिच्या मुळाशी तिचा स्वतःचा एम.सी.बी. असावा. तार, सॉकेट व एम.सी.बी. यांवर आय.एस.आय. चिन्ह पाहूनच घ्यावे. सॉकेट शेगडीच्या वर किंवा मोरीलगत नसावे. वाफ वर जाते व पाणी उडते, एवढे भान पुरे. मोठा प्लग लहान भोकांत बसावा म्हणून बाजारात जो स्वस्त जोडप्लग मिळतो, तो शेगडीसाठी कदापि वापरू नये. प्लगला बोर्डात जागा न मिळणे हा अडथळा आपल्या हिताचा असून जोडप्लग तोच दूर करतो. एक्स्टेंशन बोर्डाबाबतही हेच. त्याची वायर गुंडाळलेली असेल तर धोका दुप्पट, कारण वेटोळ्यातील उष्णतेला बाहेर पडण्यास वाट राहत नाही.

जुन्या इमारतींत एम.सी.बी.ऐवजी चिनीमातीचे फ्यूज असतात. त्यातील वितळतार वारंवार वितळू लागली की कोणीतरी तेथे तांब्याच्या दोन-तीन तारा पिळून घालतो आणि मग फ्यूज ‘जात नाही’ म्हणून समाधान मानतो. आता तो फ्यूज उरलेलाच नाही. वितळण्याची पाळी त्याने भिंतीतल्या तारेवर ढकलली आहे. शाळा तपासणीस गेलो असता मी हल्ली हजेरीपटानंतर हे पाहतो, आणि निष्कर्ष लिहिताना मला आनंद होत नाही.

येथपर्यंत आगीचा विचार झाला. बाईंचा प्रश्न आगीचा नव्हता, झटक्याचा होता. आणि त्याचे उत्तर तिसऱ्या तारेत आहे.

आपल्या सॉकेटात तीन तारा येतात. वीजयुक्त तार, जिला आपण फेज म्हणतो. तटस्थ तार, म्हणजे न्यूट्रल. आणि भूसंपर्क तार, म्हणजे अर्थिंग. भिंतीतील जुन्या पद्धतीत यांचे रंग लाल, काळा व हिरवा असतात. उपकरणाच्या लवचिक वायरीत तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा. पहिल्या दोन तारांवर उपकरण चालते. तिसरी तार उपकरणाच्या धातूच्या अंगाला जोडलेली असून नेहमी रिकामीच असते. म्हणूनच ती छाटण्याचा मोह होतो. माझा झाला तसा. परंतु आतले आवरण जळून फेज धातूच्या अंगाला टेकली, की या तारेचे काम सुरू होते. तिच्या कमी रोधाच्या वाटेने मोठा प्रवाह जमिनीत जातो, एम.सी.बी. पडतो आणि शेगडी मृत होते. तार नसेल तर ती वाट शेगडीला हात लावणाऱ्या माणसातून जाते. प्लगची तिसरी पिन लांब व जाड का असते, हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा. ती इतर दोघींच्या आधी सॉकेटात शिरते आणि सर्वांच्या शेवटी बाहेर येते. उपकरणात वीज असेल त्या प्रत्येक क्षणी संरक्षण हजर असावे, हा तिचा हेतू.

आता एक कठीण मुद्दा सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. ‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ एवढ्याने भागत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यातील लोखंडी नळी किंवा पट्टी ओल्या मातीच्या आधाराने काम करते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते, आणि सातपुड्याच्या पायथ्याकडे तर जमीनच मुरमाड. कोळसा व मीठ घालून केलेला खड्डा पाण्यावाचून सोडला तर मार्चनंतर त्याचा रोध वाढत जातो. समजा तो २० ओहम झाला. फेज अंगाला टेकली तर प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर. सोळा अँपियरचा एम.सी.बी. या प्रवाहाला पडतच नाही! तो शेगडीचा नेहमीचाच भार समजतो. शेगडीच्या अंगावर मात्र बहुतांश दाब तसाच उभा राहतो. याचा अर्थ एम.सी.बी. हा तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे.

माणसाचा रक्षक निराळा आहे. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला की नाही, याची तो सतत तुलना करतो. ३० मिलिअँपियर, म्हणजे अँपियरच्या शंभर भागांपैकी तीन भाग एवढा फरक पडला, की सेकंदाच्या अंशात तो पुरवठा तोडतो. सुमारे एक मिलिअँपियर प्रवाहाने मुंग्या येतात, दहाच्या आसपास मूठ आवळली जाऊन सोडविता येत नाही, आणि त्यापुढे श्वास व हृदय धोक्यात येते. ही मापे पाहिली म्हणजे ३० चा आकडा कशासाठी निवडला ते कळेल. अर्थिंग वाळलेले असतानाही हे साधन काम करते, म्हणून शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या फलकात पहिला खर्च करावयाचा झाल्यास तो याचा करावा, असे माझे मत आहे. मात्र यामुळे अर्थिंग नको असे होत नाही. अर्थिंग असेल तर बिघाड होताक्षणीच पुरवठा तुटतो. नसेल तर तुटण्यासाठी आधी कोणाला तरी हात लावावा लागतो. त्यावर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते दाबावे. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर ते साधन बदलावे.

तर त्या पातेल्याच्या झिणझिण्यांचा अर्थ काय? रॉडच्या नळीला तडा गेलेला असेल, आतील आवरण ओलसर झाले असेल. पाण्यात आणि पाण्यातून पातेल्यात वीज उतरत असेल. झटका सौम्य आहे याचा अर्थ बिघाड लहान आहे असा नव्हे. त्या दिवशी ताईंच्या पायाखालची फरशी कोरडी होती, एवढाच त्याचा अर्थ. ओल्या फरशीवर अनवाणी मूल आले असते तर तोच रॉड निराळा वागला असता. चपला आणि पाट हे उपाय ताईंपुरते. पातेल्यापाशी पाणी मागावयास येणाऱ्या मुलाच्या पायाखाली पाट कोण ठेवणार? प्लग फिरवण्याच्या उपायाने तर फेज व न्यूट्रलची अदलाबदल होऊन काही वेळा झिणझिण्या थांबतात आणि बिघाड झाकला जातो. तो उपाय सर्वांत वाईट. रॉड धातूच्या भांड्यात कधीही लावू नये. आणि बटण बंद करून प्लग बाहेर काढल्यावाचून पाण्यात बोट घालू नये.

उघड्या तारेच्या शेगडीविषयी माझे मत कठोर आहे. तिची तापलेली तार स्वतःच वीजयुक्त असते. दूध उतू गेले किंवा उलथने खाली घसरले की पातेले व फेज यांची गाठ पडते. शाळेत ती असूच नये. घरीही तिच्याऐवजी बंद तबकडीची किंवा इंडक्शनची शेगडी बरी. बामणोदच्या वांग्यांचे भरीत इंडक्शनवर होत नाही हे मला मान्य आहे. ते काड्यांवरच भाजावे. वीज जाते तेव्हा शेगडी बंद करावयाची राहून घरची मंडळी केळीच्या बागेत कामाला निघून जातात, आणि वीज परत येते तेव्हा रिकामे पातेले तापत बसते. भारनियमनाच्या वर्षांत हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वीज गेली की आधी बटण बंद, ही सवय मुलांना लावणे शक्य आहे.

आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही. बटण किंवा एकेरी फ्यूज फेजवर असावयास हवा; तो न्यूट्रलवर बसविला गेला तर बटण बंद करूनही शेगडीत वीज उभीच राहते. वायरमनकडून टेस्टरने हे तपासून घ्यावे. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून तार सुरक्षित समजू नये, तो टेस्टरही बिघडलेला असू शकतो.

हे सर्व वाचून कोणी गुरुजींनी स्वतः स्क्रूड्रायव्हर हाती घेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे आणि झाल्यावर चाचणीचा लेखी अहवाल मागावा. नवी उपकरणे वाढणार असतील तर मंजूर भार वाढविण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा; मीटरपर्यंतच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. आपले काम पाहण्याचे, विचारण्याचे आणि गरज पडल्यास ‘हे आज बंद’ असे म्हणण्याचे आहे. त्या दिवशी खिचडीला मिक्सरमधले वाटण मिळाले नाही तर पाट्यावर वाटता येईल. शालेय पोषण आहार शिजतो तो बहुतेक ठिकाणी गॅसवर किंवा चुलीवर. विजेची उपकरणे त्यात मदतनीस आहेत, त्यांच्यावाचून जेवण अडत नाही.

वर्गात हा विषय घेताना मुख्य विजेवर कोणतेही प्रात्यक्षिक करू नये. दोन कोरडे घट आणि भांडी घासण्याच्या लोखंडी काथ्याचा एक बारीक तंतू पुरतो. तंतू लाल होऊन तुटतो, आणि फ्यूज म्हणजे काय हे शब्दांवाचून समजते. मुलांना आपल्या स्वयंपाकघरातील बोर्डाचे चित्र काढून आणण्यास सांगावे, हात न लावता, केवळ पाहून. एखाद्या चित्रात खिडकीतून आत आलेली तार दिसेल. त्याबद्दल वर्गात अक्षरही बोलू नये. पालकांना एकटे गाठून त्यातील धोका सांगावा. मुलाची मान खाली गेली तर पुढच्या वेळी ते खरे चित्र काढणार नाही.

प्रसंग ओढवलाच तर चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. आधी मुख्य खटका पाडावा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्यास लगेच सुरुवात करावी व १०८ ला बोलवावे. पेटलेल्या शेगडीवर किंवा बोर्डावर पाणी टाकू नये. वीज तोडून कोरडी वाळू टाकावी.

त्या बाईंच्या शाळेत पुढे काय झाले ते सांगून थांबतो. ग्रामपंचायतीच्या साह्याने स्वयंपाकखोलीत स्वतंत्र तार, नवे सॉकेट व आर.सी.सी.बी. बसले, खड्ड्यात पाणीही पडले. पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांचा फोन आला, “साहेब, नवीन खटका खराब निघाला. सारखा पडतो. काढून टाकू का?” मी त्यांना सांगितले, खोलीतील सर्व प्लग बाहेर काढा, खटका वर करा आणि एकेक उपकरण लावून पाहा, ज्याच्याबरोबर तो पडेल ते बाजूला ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला. मिक्सर लावला, खटका पडला नाही. पाण्याचा फिल्टर लावला, पडला नाही. कपाटात ठेवलेला जुना रॉड कोणीतरी पुन्हा काढला होता. तो लावताच पडला. रॉडची वायर प्लगपासून कापून तो भंगारात द्यावा, असे मी सांगितले, आणि तसे झाल्याची नोंद त्यांनी जडवस्तू नोंदवहीत केली आहे.